ज्यूरीच्या खुर्चीवर कोण बसणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. अमेरिकेतल्या कोर्टात ज्यूरीवर काळी माणसे घेतात की नाही, याच्याशी आपल्या वस्तीचा काय संबंध? आपल्याकडे तर आता ज्यूरी राहिलेलीच नाही. खरे आहे. पण संबंध आहे, आणि तो आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही.

१९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले. तिथे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची एक योजना सादर केली. समान नागरिकत्व ही तिची पहिलीच अट. आणि त्या अटीला आधार म्हणून कशाचा हवाला दिला होता? अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीचा. गुलामगिरी संपल्यावर १८६८ साली ही दुरुस्ती आली. कायद्याचे समान संरक्षण कोणत्याही राज्याने कोणालाही नाकारू नये, असे ती सांगते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे पुढारी डॉ. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि तिकडच्या निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. म्हणजे त्यांचा अर्ज आपल्या कामी कसा येईल, हे बाबासाहेब बघत होते. आज आम्ही जी गोष्ट सांगणार, ती त्याच चौदाव्या दुरुस्तीची आहे. ती दुरुस्ती हातात असूनही काळ्या माणसाला ज्यूरीच्या खुर्चीपर्यंत पोचायला किती वर्षे लागली, अडवणारे कसे अडवत राहिले, आणि शेवटी इलाज काय निघाला, एवढेच सांगायचे आहे.

आधी ज्यूरी म्हणजे काय ते बघू. आरोपी दोषी की निर्दोष, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. गावातले साधे नागरिक, बहुधा बारा जण, ठरवतात. जुन्या मंडळींना नानावटी खटला आठवत असेल. १९५९ साली मुंबईत त्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष ठरवणारा कौल दिला, तो न्यायाधीशांना पटला नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेले. त्यानंतर आपल्याकडची ज्यूरी हळूहळू बंद झाली. पण ती होती तेव्हा कशी होती, तेही ऐका. इंग्रजांच्या १८२६च्या कायद्यात अशी व्यवस्था होती की ख्रिस्ती माणूस हिंदू-मुसलमानांचा न्याय करू शकेल, पण ख्रिस्ती आरोपी असला तर हिंदू किंवा मुसलमान ज्यूरीवर बसू शकणार नाही. राजा राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि १८३२ साली ते बदलले. बदलले, पण कागदावर. १८९७ साली मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. १९०८ साली पुन्हा तेच. सात युरोपियन, दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षांची शिक्षा. टिळकांचे आणि आपले मतभेद जगजाहीर आहेत, ते इथे उगाळायचे कारण नाही. पण न्यायाचा प्रश्न आला की माणूस आवडता की नावडता हे बघायचे नसते. ज्यूरी कोण निवडतो यावरच निकाल ठरतो, एवढे त्या आकड्यांवरून कळते.

आता अमेरिका. तिथे १८७५ साली संसदेने कायदा केला की वंशामुळे कोणाला ज्यूरीतून वगळणाऱ्या अधिकाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड. १८८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाचा ‘ज्यूरीवर फक्त गोरे पुरुष’ हा कायदा रद्द केला. (पुरुषांपुरती ज्यूरी ठेवायला मात्र त्याच निकालाने मोकळीक दिली. आया-बहिणींना आणखी जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले, हे जाता जाता सांगून ठेवतो.) मग झाले का काम? नाही. ‘काळ्यांना बंदी’ असे कायद्यात लिहिणे थांबले आणि न लिहिता बंदी सुरू झाली. ज्यूरीची यादी करणारे गावचे गोरे कारकून म्हणायचे, आम्ही लायक माणसेच घेतो बरं का, काळ्यांत लायक कोणी दिसला नाही.

१९३१ साली अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो या गावी नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा आळ आला. पंधरवड्याच्या आत आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. प्रकरण वर गेले तेव्हा राज्याच्या वतीने सांगण्यात आले की यादीत काळ्यांची नावे आहेत की, हे बघा रजिस्टर! ते रजिस्टर सर्वोच्च न्यायालयात आणले गेले, न्यायमूर्तींनी भिंग घेऊन पाने तपासली. नावे नंतर घुसडलेली दिसत होती. १९३५ साली शिक्षा रद्द झाली. जॉर्जियात तर आणखी साधी युक्ती. गोऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या पांढऱ्या, काळ्यांच्या पिवळ्या, आणि चिठ्ठ्या उचलणारा डोळे उघडे ठेवून उचलणार! त्या खटल्यात एकही काळा ज्यूरर निवडला गेला नव्हता. हा प्रकार १९५३ साली रद्द ठरला.

यादी सुधारली, चिठ्ठ्यांचा रंग एक झाला. आता काळा माणूस कोर्टाच्या दारापर्यंत येऊ लागला. तिथे दुसरे दार बंद होते, आणि तेच आजचा मुख्य विषय.

ज्यूरीसाठी बोलावलेल्या लोकांना आधी प्रश्न विचारतात. एखादा आरोपीचा मेहुणा निघाला, किंवा म्हणाला की माझे मत आधीच ठरले आहे, तर न्यायाधीश त्याला घरी पाठवतात. यात वावगे काही नाही. पण त्याशिवाय दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही ठरावीक माणसे कारण न सांगता काढून टाकण्याचा हक्क असतो. याला आपण सोयीसाठी ‘बिनकारणी नकार’ म्हणू. का काढलेस, असे कोणी विचारायचे नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मनात आधीच अढी आहे त्याच्या हातात असे हत्यार दिले तर तो ते कुठे चालवणार?

१९६५ साली अलाबामातल्या टॅलाडेगा परगण्यातला खटला सर्वोच्च न्यायालयात आला. तिथे काळ्या पुरुषांची संख्या भरपूर, पण साधारण १९५० पासून एकही काळा प्रत्यक्ष खटल्याच्या ज्यूरीत बसलेला नव्हता. न्यायालय म्हणाले, एका खटल्यावरून आम्ही सरकारी वकिलाला जाब विचारणार नाही; तो खटल्यामागून खटल्यात असेच करतो हे सिद्ध करा. म्हणजे ज्या गरीब आरोपीच्या मानेवर सुरी आहे, त्याने गावातल्या सगळ्या जुन्या खटल्यांचे दप्तर गोळा करायचे! कोण काळा होता, कोणाला कोणी काढले, याच्या नोंदी तरी कोण ठेवत होते?

ही अट २१ वर्षे टिकली. १९८६ साली केंटकी राज्यातल्या बॅटसन नावाच्या आरोपीच्या खटल्यात ती मोडली. त्याच्या खटल्यात सरकारी वकिलाने चारही काळ्या ज्यूररांना काढले होते. न्यायालय म्हणाले, एकाच खटल्यावरून संशय घेता येईल. आरोपीने संशयाला जागा दाखवायची, मग सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेले कारण सांगायचे, आणि मग न्यायाधीशाने ठरवायचे की ते कारण खरे की मनातली अढी. नकार बेकायदा ठरला, तर काढलेल्या माणसाला परत बसवायचे किंवा निवड पुन्हा करायची. पुढे हा नियम बचावाच्या वकिलांना लागला, दिवाणी दाव्यांना लागला, १९९४ साली स्त्री-पुरुष भेदालाही लागला. हा हक्क नुसत्या आरोपीचा नसून ज्याला दारातून परत पाठवले त्या नागरिकाचाही आहे, हेही १९९१ साली न्यायालयाने मान्य केले. आम्हाला हा मुद्दा मोठा वाटतो. अपमान त्याचाही होतो ना!

पण त्याच निकालात थर्गुड मार्शल यांनी वेगळे मत लिहून ठेवले. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. त्यांचे म्हणणे असे की कारण विचारून हे थांबणार नाही, कारण कारणे कोणालाही रचता येतात. बिनकारणी नकार मुळातच बंद करा. मार्शल यांची भीती किती खरी ठरली ते बघा. १९९५ साली मिसूरी राज्यातल्या एका खटल्यात सरकारी वकिलाने सांगितले की या माणसाला काढले कारण त्याचे केस लांब आहेत आणि दाढी आहे. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कारण वंशाचे नाही ना, मग या टप्प्यावर ते पटण्याजोगे असलेच पाहिजे असे नाही. १९९७ साली फिलाडेल्फियातली एक जुनी चित्रफीत बाहेर आली. १९८०च्या दशकात नवशिक्या सरकारी वकिलांना शिकवण्यासाठी ती बनवलेली. त्यात शिकवणारा वकील सांगतो की गरीब वस्तीतले काळे घेऊ नका. काळ्या ज्यूररला भरपूर प्रश्न विचारा आणि नंतर कारण म्हणून सांगता येईल असे काहीतरी कागदावर टिपून ठेवा.

आणि जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९८७ साली एका काळ्या तरुणाला पूर्ण गोऱ्या ज्यूरीने फाशी सुनावली. चार काळे ज्यूरर काढले गेले होते. सरकारी वकिलांनी कारणांची लांबलचक जंत्री दिली, वरच्या कोर्टांनी ती मानली. जवळजवळ वीस वर्षांनी, २००६ साली, आरोपीच्या वकिलांनी राज्याच्या माहिती कायद्याखाली सरकारी फाईल मागितली. (आपल्याकडचा माहितीचा अधिकार त्याच सुमाराचा.) फाईल उघडली तर काय? ज्यूररांच्या यादीत प्रत्येक काळ्याच्या नावावर हिरवा रंग फासलेला. शेजारी इंग्रजी ‘बी’ हे अक्षर. ‘नक्की नको’ अशी एक यादी, त्यात पहिली पाचही नावे काळ्यांची. एका काळ्या बाईंना काढण्याचे कारण दिले होते की त्या आरोपीच्या वयाच्या जवळपासच्या आहेत. बाई ३४ वर्षांच्या, आरोपी १९ वर्षांचा! आणि २१ वर्षांचा गोरा मात्र ज्यूरीत बसला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ती फाईल नष्ट झाली असती तर? दिलेली कारणे कागदावर तशीच्या तशी खरी राहिली असती.

मंडळी, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा आपल्यातल्या किती जणांनी वाचला आहे? राखीव जागेची जाहिरात येते, मुलाखती होतात, पोरगा एम.ए., नेट झालेला, आणि शेवटी हा शेरा. घर भाड्याने बघायला गेलो की आडनाव ऐकून ‘जागा कालच दिली हो’. दोन्ही ठिकाणी जात हा शब्द कोणी उच्चारत नाही. म्हणून आम्हाला वाटते की पुढचा भाग आपण कान देऊन ऐकावा, कारण ‘कारण तर रास्त दिसते’ या भिंतीवर त्यांनी काय उपाय काढला, ते आपल्या कामाचे आहे.

एक उपाय म्हणजे तुलना. काळ्याला ज्या कारणाने काढले, तेच कारण गोऱ्याला लागू होते का आणि त्याला ठेवले का, हे बघायचे. २००५ साली टेक्सासमधल्या एका खटल्यात हे ठळकपणे झाले. तिथे अकरा पात्र काळ्यांपैकी दहा काढले होते. २०१९ साली मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्स यांच्या खटल्यात तर न्यायालयाने प्रश्नच मोजले. विनोना गावात १९९६ साली फर्निचरच्या दुकानात चार खून झाले. त्यावरून एकाच सरकारी वकिलाने या एका माणसावर सहा वेळा खटला चालवला. सहा खटल्यांत मिळून ४२ काळे ज्यूरर त्याच्यासमोर आले, त्याने ४१ काढले. सहाव्या वेळी काढलेल्या पाच काळ्यांना एकूण १४५ प्रश्न विचारले, आणि बसवलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून बारा. इतके खोदले की काहीतरी सापडणारच की! शिक्षा रद्द झाली, डिसेंबर २०१९ मध्ये फ्लॉवर्स जामिनावर सुटले आणि २०२०च्या सप्टेंबरात आरोप मागे घेतले गेले. मधली २३ वर्षे तुरुंगात गेली.

यातून काही राज्यांनी धडा घेतला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवा नियम केला, आणि आमच्या मते या सगळ्या कहाणीत सर्वांत शहाणपणाचे काम हेच. नियम म्हणतो, वकिलाच्या मनात काय होते हे शोधत बसू नका. तटस्थ माणसाला, ज्याला समाजातला छुपा भेदभाव ठाऊक आहे अशा माणसाला, या नकारात वंशाचा वाटा दिसू शकेल का? दिसू शकत असेल तर नकार रद्द. वकील लबाड आहे असे न्यायाधीशाला म्हणावे लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण रोज समोर उभ्या राहणाऱ्या वकिलाला ‘तू वंशद्वेष्टा आहेस’ असे तोंडावर सांगायला न्यायाधीश कचरतो.

शिवाय नेहमीच्या पळवाटा नियमातच लिहून टाकल्या. पोलिसांवर विश्वास नाही, पूर्वी पोलिसांशी संबंध आला, नातेवाइकाला अटक झाली होती, गुन्हेगारीच्या वस्तीत राहतो, सरकारी मदत घेतो, लग्नाशिवाय मूल आहे, इंग्रजी मातृभाषा नाही, ही कारणे आधीपासूनच संशयास्पद धरली जातात. यादी पुन्हा वाचा. ही सगळी गरिबाची लक्षणे आहेत. ज्या वस्तीत पोलिसांची काठी जास्त पडते, तिथल्या माणसाचा पोलिसांवर विश्वास कमी असणारच. आणि तेच कारण सांगून त्याला न्यायदानातून बाहेर काढायचे! कॅलिफोर्नियाने २०२० साली याच धर्तीवर कायदा केला.

ॲरिझोना याहून पुढे गेले. १ जानेवारी २०२२ पासून तिथे बिनकारणी नकारच बंद झाला. असे करणारे ते पहिले राज्य. मार्शल यांचे म्हणणे तिथे ३५ वर्षांनी खरे झाले. कॅनडाने तर २०१९ सालीच तो बंद केला होता. तिथे एका तरुण आदिवासीच्या मृत्यूच्या खटल्यात आदिवासी दिसणारा एकही ज्यूरर नव्हता, गोरा शेतकरी निर्दोष सुटला आणि देशभर संताप उसळला. पण इथे एक गुंतागुंत आहे, ती लपवणे बरोबर नाही. बचावाचे वकील, त्यातही अल्पसंख्य आरोपींचे वकील, म्हणतात की आमच्या हातातली ढाल गेली. उघड द्वेष्टा माणूस ‘मी निःपक्षपाती आहे’ म्हणून बसला तर त्याला आता काढायचे कसे? त्यांचे म्हणणे पोकळ नाही. म्हणून आम्हाला वॉशिंग्टनची वाट जास्त पटते. ॲरिझोनासारखे करायचे असेल तर न्यायाधीशांनी ज्यूररांना नीट, खोलवर प्रश्न विचारण्याची सक्ती हवी.

आणि नकाराच्या आधीची यादी? ती अजून ठिकठिकाणी गळकी आहे. नुसत्या मतदार यादीतून नावे काढली तर घर बदलणारा भाडेकरू सुटतो. कनेक्टिकटमध्ये केंद्र सरकारच्या कोर्टाच्या संगणकाने एक विचित्र घोटाळा केला. हार्टफर्ड या शहराच्या नावातले शेवटचे ‘डी’ अक्षर पलीकडच्या रकान्यात सरकले आणि संगणकाने त्याचा अर्थ ‘मयत’ असा लावला. काळ्यांची आणि स्पॅनिश भाषकांची मोठी वस्ती असलेले अख्खे शहर कागदावर मेले! १९९२ साली कोर्टात हे उघड झाले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण हेतू नसला तरी माणसे बाहेरच राहिली ना? मग ज्याचे हातावर पोट आहे तो रोज बुडवून ज्यूरीला कसा जाईल, हा प्रश्न आहेच. सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ साली कमी उत्पन्नाच्या ज्यूररांना दिवसाला १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला. आम्हाला हा उपाय साधा आणि खरा वाटतो.

कोणी विचारेल, चार काळे बसले म्हणून न्याय वेगळा होतो का? सॅम्युएल सॉमर्स या मानसशास्त्रज्ञाने नकली ज्यूरी बसवून पाहिल्या, २००६ साली निष्कर्ष छापले. मिश्र ज्यूरी जास्त वेळ चर्चा करतात, पुराव्यातल्या जास्त गोष्टी विचारात घेतात, चुका कमी करतात. आणि गंमत अशी की शेजारी काळा माणूस असला की गोरे सभासदही जास्त काळजीपूर्वक बोलतात.

शेवटी नॉर्थ कॅरोलिनाचे सांगून थांबतो. तिथे २००९ साली कायदा झाला की फाशीच्या कैद्याने आकडेवारीवरून वंशभेद दाखवला तर फाशीची जन्मठेप होईल. हेतू सिद्ध करण्याची सक्ती नाही. अभ्यास झाला, पात्र काळ्या ज्यूररांना सरकारी वकिलांनी इतरांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात काढल्याचे दिसले, आणि २०१२ साली पहिल्या कैद्याची फाशी रद्द झाली. लगेच २०१३ साली विधिमंडळाने तो कायदाच मागे घेतला! ज्यांनी आधी अर्ज केले होते ते कोर्टात भांडत राहिले. २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यांचा हक्क गेलेला नाही. त्यांतल्या एकाची फाशी ३१ डिसेंबर २०२४ रोजी, गव्हर्नरांनी पद सोडता सोडता, जन्मठेपेत बदलली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी त्याच्या प्रकरणात निकाल दिला की हो, ज्यूरी निवडताना वंशभेद झालाच होता. तो कायदा मागे घेऊन तेव्हा अकरा वर्षे उलटली होती, आणि शंभरावर कैद्यांचे अर्ज निकालाची वाट बघत होते.